कापलेला ब्लॉक

अनुपमानं जुन्या फोटोंचं पाकीट टेबलावर पालथं केलं आणि त्यातला एक फोटो घसरत येऊन मायाच्या कीबोर्डवर थांबला. त्यात तिचा बाप हसत होता. बत्तिशी दाखवून, डोळे बारीक करून हसत होता. अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत माती आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं एक जुनाट मडकं. बापाला समोर असं हसताना मायानं जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळं तिला आधी ओळखू आले ते नुसते कान. मग कपाळावरचा व्रण. मग सगळा माणूस एकदम अंगावर आल्यासारखा आला. तिनं फोटो उचलला नाही. माऊसवरचा हात तसाच ठेवून ती बघत राहिली. "आबांच्या ट्रंकेत निघाले हे," अनुपमा सांगत होती. ही आनंदरावांची, म्हणजे आबांची, सून. शिरूरहून मुद्दाम दौंडला आली होती. साप्ताहिक 'घोडकाठ' बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण यंदा पत्रकार दिनाला संस्थापक-संपादक आनंदराव यांचा सत्कार होता, आणि त्या निमित्तानं शिरूर-दौंडच्या वृत्तपत्रांचा इतिहास सांगणारा एक जाडजूड विशेषांक निघायचा होता. अंक जुळवून छापून द्यायचं काम मायाच्या छापखान्याला मिळालं होतं. "हा मजूर काय छान आलाय ना, मायाताई? इनामगावच्या उत्खननाचा दिसतोय. बसवा कुठंतरी." माया म्हणाली, "छान आलाय. बसवते." माया रणपिसे हे तिचं सासरचं नाव. ओव्हाळ हे माहेरचं आडनाव कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

इनामगावला तेव्हा पुण्याची माणसं हिवाळ्यात येऊन जमीन उकरायची. गावातले लोक त्यांच्याकडं रोजानं कामाला जात, त्यांत पोपट ओव्हाळ होता. त्याच्या हाताला म्हणे सुईणीच्या हातासारखी सवय लागली होती. खापर दिसलं की कुदळ टाकून तो बोटांनी माती काढायचा. एक अख्खं मडकं त्यानं तडा न जाऊ देता वर काढलं. तेव्हा 'घोडकाठ' नवं नवं होतं आणि आनंदराव तरणेबांड होते. ते राजदूतवर मागं फोटोग्राफरला बसवून आले, फोटो काढला, पुण्याला पाठवून त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून आणला आणि पहिल्या पानावर छापला, खाली पोपटचं नाव घालून. त्या आठवड्यात पोपटला शिरूरच्या बाजारात चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत. हे सगळं मायाला आई सांगायची. मायाला स्वतःला आठवतो तो दुसरा अंक. त्या वेळी ती शाळेत होती, आणि मधल्या सुट्टीत एका पोरीनं घडी केलेलं पान तिच्या दप्तरावर ठेवून विचारलं होतं, "ह्यो तुझाच बाप ना गं?"

झालं होतं ते असं. सोसायटीच्या पंपाची तांब्याची वायर चोरीला गेली. पोलिसांनी कुणा परमुलखातल्या माणसाला धरला. बातमी झकास, पण चोराचा फोटो नाही. शिशाचे अक्षर-खिळे जुळवून पान तयार, आणि मधोमध चेहऱ्यापुरती जागा मोकळी. पुण्याहून नवा ब्लॉक यायचा तर अंक शिळा झाला असता. त्या काळी तालुक्याच्या पेपरवाल्यांची रीतच होती, एकदा केलेला ब्लॉक जन्मभर वापरायचा. आमदाराच्या एकाच ब्लॉकवर त्याचे सगळे वाढदिवस निभवायचे. आनंदरावांनी ब्लॉकांचा खण उपसला. त्यात पुढारी होते, कीर्तनकार होते, बक्षीस मिळवलेले बैल होते, आणि गरीब दिसणारा माणूस एकच होता. मडकं हातात घेतलेला चोर कसा चालेल? म्हणून त्यांनी करवत मागवून ब्लॉक खालून कापला. जस्त आणि खालचं लाकूड, दोन्ही. मडकं गेलं, हात गेले, राहिलं ते मुंडकं. नाव त्या दुसऱ्याचं छापलं आणि चेहरा पोपटचा. आनंदरावांच्या छापखान्यात ट्रेडल मशीन मारणाऱ्या माऊलीनं पोपटच्या मयतीला येऊन हे सांगितलं, तोपर्यंत घरच्यांना करवतीचं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, फोटोच कुणीतरी तसा काढला. माऊली म्हणाला, "मालकाला म्या म्हनलं व्हतं, ह्यो तर इनामगावचा पोपट. तर म्हनले, इनामगावात पेपर कितीसा जातो?"

जेवढा जायचा तेवढा पुरला. गावाला माहीत होतं की पोपट तसला नाही. पण पेपरात आलंय म्हटल्यावर माहीत असलेलंही माणसं दोन बोटं मागं सारतात. आणि वर तो हसत होता. चोर हसतोय. "बघा कसा दात काढतोय," हे वाक्य मायानं इतक्यांच्या तोंडून ऐकलं की ते कुणाचं एकाचं राहिलंच नाही. सोसायटीत राखणदाराची नोकरी पोपटला जवळजवळ ठरली होती, तिथं त्याला म्हणाले, सध्या राहू दे. तो शिरूरला गेला. आनंदरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकून झालं रे. म्होरल्या अंकात खुलासा टाकतो." म्होरला अंक निवडणुकीचा निघाला. त्याच्या पुढचा दिवाळीचा. पोपट दर आठवड्याला एसटी स्टँडवर जाऊन गठ्ठा सुटायची वाट बघायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून मायाला बरोबर न्यायचा. ती पहिल्या पानापासून पाचर मारल्यासारख्या बारीक जाहिरातींपर्यंत सगळं वाचायची आणि मान हलवायची. वाचायचा वेग तिला शाळेनं नाही शिकवला, त्या खुलाशानं शिकवला. पुढं ते दौंडला आले. पोपटनं मालधक्क्यावर हमाली केली, पोरीला शिकवलं, आणि कुणी कॅमेरा काढला की टॉवेलनं तोंड पुसायच्या निमित्तानं तोंड झाकलं. हसू आलं तर ओठ दाबून नाकातून हसायचा. तो गेला तेव्हा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तर आई, रंभा, म्हणाली, ह्यो माझा माणूस न्हाई, आणि तिनं तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. अजून तसाच आहे.

संध्याकाळी मायानं तो फोटो आईपुढं धरला. रंभानं चष्मा लावला, काढला, पदरानं पुसून पुन्हा लावला. "मडकं हाय की हातात," ती म्हणाली. बराच वेळ ती मडक्याकडंच बघत होती. मग म्हणाली, "ह्याचा मोठा करून दे." माया म्हणाली, "आई, कुणाच्या घरनं आलाय ठाव हाय का?" "ठाव हाय. आदी भिताडाला लाव, मंग तुला काय करायचं ते कर." काय करायचं हे मायाला फोटो हातात आल्यापासूनच ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त कसं. इतकी वर्षं तिनं पत्रिका छापल्या, पावतीपुस्तकं छापली, पुढाऱ्यांची वाढदिवसाची पानं सजवली, आणि प्रत्येक कामाखाली आपल्याला एक जुनी आग धुमसत ठेवता येते याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. लोक म्हणत, मायाताई शांत आहेत. शांत कसल्या? ती वाट बघत होती. बाप स्टँडवर बघायचा तशीच, फक्त तिची वाट खुलाशाची नव्हती. तिला आनंदरावांचं नाक कापलेलं हवं होतं. त्यांच्याच अंकात, त्यांच्याच माणसांपुढं.

आणि देवानं म्हणा, म्हातारपणानं म्हणा, सोय करून ठेवली होती. आनंदरावांचे डोळे गेले होते. उजेड कळायचा, अक्षर नाही. पण संपादकपण जात नाही; अंकातली ओळ न ओळ आपल्या कानाखालून गेल्याशिवाय छापायची नाही असा त्यांचा हुकूम होता. सुनेला जाहिरातींपलीकडं काही वाचायचा कंटाळा. म्हणून माया प्रूफं घेऊन न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूरला जायची आणि त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवायची. जुन्या छापखान्यात वाचायचे तसं, विरामचिन्हांसकट: "शिरूर तालुक्यातील पहिला छापखाना स्वल्प लग्नपत्रिकांच्या जोरावर उभा राहिला पूर्ण." म्हातारा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकायचा. कान असा की ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही ऐकू यायचा. मध्येच थांबवून तो तिला सांगायचा, कागदाचा कोटा मिळवायला कसे हेलपाटे घातले, तहसीलच्या नोटिसांवर पेपर कसा जगला, 'क'चे खिळे संपले म्हणून कारखान्याची बातमी दोन हप्ते कशी थांबवली, गठ्ठे एसटीच्या टपावर टाकायला कंडक्टरला कसं पटवायचं. गोष्टी ऐकण्यासारख्या होत्या. मायाला त्या आवडायच्या, आणि आवडतात म्हणून स्वतःचा राग यायचा. छापखान्याचं वेड तिलाही होतंच. शाईच्या वासानं तिचंही पोट भरायचं. या माणसानं आपल्या बापाला कापलं आणि आपल्याला धंदा दिला, असं तिच्या मनात यायचं, आणि मग ती कडू तोंडानं पुढची ओळ वाचायची.

तिचा बेत साधा होता. अंकाच्या मधल्या पानावर तिनं सगळी हकिकत जुळवली, करवतीसकट. वर तो फोटो. ते पान वाचून दाखवायचंच नाही. आंधळ्याला काय कळणार? प्रकाशनाच्या दिवशी अंक लोकांच्या हातात पडेल आणि म्हातारा हार घालून बसलेला असताना सगळ्या मांडवात पानं उलटल्याचा आवाज होईल. तो आवाज ती आठवडाभर मनात ऐकत होती. पण ओसरीवर प्रूफं वाचताना ते पान आलं तेव्हा तिची जीभ पुढच्या पानावर जाईना. त्याला न ऐकवता छापायचं म्हणजे त्याच्या पाठीत मारायचं, आणि तिला तोंडावर मारायचं होतं. त्याचा चेहरा कसा होतो हे तिला बघायचं होतं. तिनं वाचायला सुरुवात केली, एकही स्वल्पविराम न गाळता. "संपादकांनी ब्लॉक खालून कापला पूर्ण." आवाज स्थिर राहिला. प्रूफाची शाई मात्र बोटाला लागत होती.

आनंदराव हलले नाहीत. वाचून झालं तरी काठीवरची हनुवटी तशीच. मग म्हणाले, "तू पोपटची?"

"व्हय."

"त्याचा खुलासा राहिला बघ." ते असं म्हणाले जसं कुणी म्हणावं, दुधाची पिशवी आणायची राहिली. पण मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. माया बघत होती. यासाठीच तर ती आली होती. आणि तिला काहीच वाटेना. म्हणजे बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटेना. "ठेव ते पान," ते म्हणाले. "काढू नको. पण असं न्हाई. त्याला वजन पायजे. म्या सांगतो, तू लिहून घे." आणि ते सांगायला लागले.

सुरुवात जराशी अडखळत झाली, मग गाडी उताराला लागली. 'लेखणीला पडलेला डाग पुसता येत नाही, तो मिरवावा लागतो.' हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा 'डाग' काढून 'कलंक' घातला. 'ज्या संपादकाला आपली चूक कबूल करता येते तोच खरा निर्भीड.' इथं थांबून त्यांनी विचारलं, "कसं वाटतं?" माया लिहीत राहिली. चार वाक्यांत पोपटचं नाव एकदा आलं, करवत आलीच नाही, 'मुद्रणाच्या मर्यादित साधनांमुळे' असं काहीतरी आलं, आणि बाकी सगळं आनंदरावांचं काळीज. म्हातारा आता काठीवरून हनुवटी उचलून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता, अग्रलेख सांगताना यायचा असेल तसा. आणि शेवटी तो म्हणाला, "समारंभात हे तूच वाच. माईकवर. पोपटच्या लेकीनं वाचलं म्हंजी, कसं, फिटलं की गं सगळं. तुझ्या आईला पण आण. साडीचोळी करू त्यांची." 

न्हावऱ्याला एसटी बराच वेळ थांबली. माया खिडकीत बसून होती, मांडीवर ते लिहून घेतलेलं. तिनं बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. तिच्या हातात दगड होता आणि म्हाताऱ्यानं तो अलगद घेऊन त्याला शेंदूर फासला होता. आता हे छापलं की टाळ्या पडणार. मोबाइलवर फिरणार: ज्येष्ठ पत्रकाराची कबुली, सभागृह गहिवरले. बापाचा चेहरा त्यानं एकदा चोरीच्या बातमीला वापरला, आता स्वतःच्या मोठेपणाला वापरणार. ब्लॉक एकच, वापर दुसरा. आणि वाचणार कोण, तर ती. तिला हसूच आलं. तेही बापासारखं, नाकातून. मग तिला वाटलं, आपण लिहिलं तेही छापलं तरी काय? लोक वाचतील, चुकचुकतील, आणि म्हातारा मान खाली घालून गप्प बसेल. गप्प बसणं त्याला फुकट पडेल. कागद त्याचाच सोयरा होता. कागदावर आलेलं काहीही तो पचवू शकत होता. त्याला अडवायचा तर कागदच काढून घ्यायला हवा होता. इनामगावचा फाटा खिडकीतून मागं पडला तेव्हा मायाचं ठरलं होतं. दौंडला उतरून ती घरी न जाता छापखान्यात गेली आणि तिनं ते पान पुन्हा जुळवलं. अनुपमाला मोबाइलवर पाठवलं, तर तिचं उत्तर आलं, सुंदर, फक्त पंपवाल्यांची जाहिरात उजव्या पानावर घ्या.

पत्रकार दिनाला शिरूरच्या मंगल कार्यालयातला मांडव भरला होता. आजी-माजी वार्ताहर, सोसायट्यांचे चेअरमन, इनामगावची, केंदूरची, कवठे येमाईची माणसं, पांढरे कपडे आणि अत्तर. रंभा पहिल्या रांगेत, निळ्या लुगड्यात, मांडीवर अंक. लाल फीत सुटली, नारळ-शाली झाल्या, भाषणात 'निर्भीड' हा शब्द इतक्यांदा आला की मायानं मोजायचं सोडलं. मग आनंदराव उठले. काठी अनुपमाच्या हातात दिली आणि माईकचा दांडा धरून, न बघता येणारे डोळे मांडवावर फिरवून म्हणाले, "आज मला एक जुनं देणं फेडायचं हाय. अंकाचं मधलं पान उघडा. त्यात माझी कबुली हाय. आणि ती वाचणार हाय माया, आमच्या पोपटची लेक." पानं उलटल्याचा आवाज झाला. आठवडाभर मनात ऐकला होता त्याहून तो बारीक होता. माया त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"पानावर फोटो आहे," तिनं माईकवर वाचलं. "पूर्ण पानभर. खाली ओळ आहे. पोपट ओव्हाळ स्वल्प इनामगाव पूर्ण."

आनंदराव थांबले. "म्होरं वाच."

"म्होरं काय न्हाई, आबा."

"अगं, मजकूर सांगितला होता की म्या." हे त्यांनी हळू म्हटलं, पण माईक कुठला हळू घेतो. पहिल्या रांगेत कुणीतरी दुसऱ्याच्या अंकात डोकावून बघितलं. मागून एक चेअरमन म्हणाला, "आबा, हितं नुस्ताच फोटो हाय. कबुली कसली?" अनुपमा उठून अर्ध्यावर आली आणि तिथंच थबकली. माया म्हणाली, "मजकूर तुमचा. तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकायला थांबल्यात लोक."

मग जे झालं ते बघून मायाला आनंद झाला. तो तिनं नंतरही लपवला नाही आणि त्याची लाजही वाटून घेतली नाही. म्हाताऱ्याला वाक्य आठवेना. "लेखणीला," ते म्हणाले, "लेखणीला पडलेला," आणि थांबले. कलंक की डाग, तेच सापडेना. "त्या काळी छपाईची साधनं," म्हणाले, आणि तेही तिथंच राहिलं. जन्मभर सगळं छापूनच बोललेला माणूस. न छापलेलं बोलायची त्याला सवयच नव्हती. हात हवेत कागद शोधत होते. एकदोघांनी मोबाइल वर धरले होते. माया बाजूला झाली नाही, पाण्याचा ग्लास पुढं केला नाही, एक शब्द सुचवला नाही. शालीखालचे खांदे आधी ताठ होते, ते हळूहळू खाली आले, आणि मग आनंदराव अगदी साध्या, घरातल्या आवाजात, माईकपासून तोंड वळवून म्हणाले, "ह्यो माणूस चोर नव्हता. दुसऱ्याच्या बातमीत म्या ह्याचा फोटो छापला. ह्याच्या हातात मडकं होतं. ते म्या कापलं."

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही ते कुणाला कळलंच नाही. आनंदराव मागं खुर्ची चाचपायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेत रंभा उठून उभी राहिली. अंक तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"आबा," ती म्हणाली, "पुन्यांदा म्हना. मागल्या लोकास्नी ऐकू गेलं न्हाई."

मायानं माईक दांड्यावरून काढला, त्यांच्या ओठांपाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.